सयाजीराव रस्त्याखालचा कालवा

कालव्यांचे शहर म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे व्हेनिस उभे राहते, नाहीतर ॲम्स्टरडॅम. घरांच्या पायऱ्यांशी लागलेले पाणी, त्यावरून संथपणे जाणाऱ्या नावा आणि जागोजागी कमानदार पूल. मी आज ज्या शहराविषयी बोलणार आहे, त्या शहरात ह्यांपैकी काहीही नाही. तरीसुद्धा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे कालव्याच्या वाटेने पायी हिंडलो. पहिल्या दिवशी तर मी कालव्यावरूनच चालत होतो आणि ती गोष्ट मला ठाऊक नव्हती. कारण तो कालवा रस्त्याच्या खाली पुरलेला आहे. हे शहर म्हणजे म्हैसूर.

आम्हा सरकारी नोकरांची सुट्टी ही बहुधा नातेवाइकांची देणी फेडण्यात जाते. ह्या खेपेस मात्र महाविद्यालयातल्या एका जुन्या मित्राने आग्रहाने बोलावले आणि सौभाग्यवतींसह मी म्हैसूरला जाऊन पोहोचलो. दसरा होऊन गेला होता. राजवाड्यासमोरची गर्दी ओसरली होती. सकाळी हवेत सुखद गारवा असे. आदल्या रात्रीच मी जाहीर करून टाकले होते की, वाहनात बसून शहर पाहावयाचे नाही. जे पाहावयाचे ते पायांनी.

मित्राच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. ते निवृत्त शिक्षक. गल्लीत सारे त्यांना ‘मेष्ट्रु’ म्हणतात. कानडीत मास्तरांना हाच आदराचा शब्द आहे. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरकडून इकडे आलेले. घरात अजून मराठी बोलली जाते. पण त्या मराठीवर कानडी आणि तमिळ ह्या दोन्ही भाषांची पुटे चढलेली आहेत. महाराष्ट्रातला माणूस भेटला म्हणून त्यांना आनंद झाला आणि पहिल्याच सकाळी ते माझ्याबरोबर निघाले.

राजवाड्याच्या उत्तरेकडून कृष्णराज चौकात आलो. तिथून जो रुंद, सरळ रस्ता उत्तरेकडे जातो त्याच्या नावाची पाटी वाचून मी थबकलो. सय्याजीराव रस्ता! कानडी जिभेने एक ‘य’ अधिक घेतला असला तरी माणूस आपलाच. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे ह्या खेड्यात जन्मलेला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर बसला आणि महाराज सयाजीराव गायकवाड म्हणून विख्यात झाला. त्याचे नाव म्हैसूरच्या मुख्य बाजारपेठेला असावे, ह्याचे मला कौतुक वाटले. विजयादशमीला चामुंडेश्वरीची मूर्ती सोन्याच्या अंबारीत बसवून हत्तीची जी मिरवणूक राजवाड्यातून बन्नीमंटपाकडे निघते, ती ह्याच रस्त्याने जाते. मी मेष्ट्रुंना ही अभिमानाची भावना बोलून दाखविली. ते हसले आणि म्हणाले, “नाव वरचे झाले. खाली कोण आहे ते ठाऊक आहे का आपल्याला? खाली पूर्णय्यांची नाले आहे. आपण आता कालव्यावर उभे आहात.”

मी खाली पाहिले. डांबर, फुलवाल्यांच्या टोपल्यांतून सांडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या, एक फुटका नारळ. पाण्याची खूणही नव्हती.

डाव्या हाताला देवराज मार्केट आहे. चामराजेंद्र वोडेयर ह्यांच्या कारकीर्दीतली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ही बाजारपेठ. तिचे उत्तरेकडील प्रवेशद्वार २०१६ साली कोसळले. तरीही आतल्या गल्ल्यांतून विड्याच्या पानांच्या चवडी, कुंकवाचे रंगीत ढीग आणि केळ्यांचे घड यांचा संसार थाटात चाललेला आहे. तिथल्या एका ओट्यावर आम्ही टेकलो आणि मेष्ट्रुंनी मला कालव्याची हकीकत सांगावयास प्रारंभ केला. पुढे मी स्वतः थोडे वाचले, थोडे पाहिले. ते सारे एकत्र करून आपल्यापुढे ठेवीत आहे.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान लढता लढता मारला गेला. इंग्रजांनी वोडेयर घराण्यातील एका पाच वर्षांच्या मुलाला, तिसऱ्या कृष्णराजाला, गादीवर बसविले. राजधानी श्रीरंगपट्टणहून म्हैसूरला हलली. पण त्या वेळी म्हैसूर होते कुठे? टिपूने जुना किल्ला पाडून त्याचे दगड जवळच्याच एका टेकाडावर नजराबाद नावाची नवी वसाहत बांधण्यासाठी नेले होते. आता तेच दगड पुन्हा उलट वाहून आणून म्हैसूरचा किल्ला उभा करण्यात आला. ह्या बालराजाचा आणि भग्न नगराचा कारभार ज्याच्या हाती आला तो पुरुष म्हणजे दिवाण पूर्णय्या. हा देशस्थ माध्व ब्राह्मण हैदरअलीच्या पदरी होता, टिपूच्या पदरी होता आणि टिपूनंतर १८११ पर्यंत नव्या राज्याचा दिवाण होता. तीन राजवटी पाहिलेला आणि तिन्हींत विश्वासास पात्र ठरलेला असा अधिकारी इतिहासात विरळा. आम्हा कारकुनी पेशातल्या लोकांना त्याचे विशेष अगत्य वाटावे हे स्वाभाविकच आहे.

नव्या राजधानीत सर्व काही बांधता येण्याजोगे होते. एक गोष्ट मात्र नव्हती. ती म्हणजे नदी. श्रीरंगपट्टण हे कावेरीच्या दोन फाट्यांनी वेढलेले बेट. तिथे घराघराच्या मागे पाणी. म्हैसूर तिथून अवघे पंधरा किलोमीटर. पण नदी तिथे येत नाही. पूर्णय्याने ठरविले की, राजधानी नदीकडे जाऊ शकत नसेल तर नदीने राजधानीकडे यावे. कावेरीचे पाणी कालव्याने म्हैसूरला आणण्याचे काम त्याने हाती घेतले.

हा विचार कुणाला हवेतला वाटेल. पण आपल्या पुण्यातच त्याच्या अर्धशतक आधी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले होते आणि वाटेतल्या हौदांवर पुणेकर पाणी भरत होते. फरक एवढाच की, कात्रज पुण्याच्या वर आहे. पाण्याला वाट करून दिली की उताराने ते आपणहून येते. म्हैसूरचे नेमके उलट आहे. हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले; श्रीरंगपट्टण त्याच्यापेक्षा सत्तर-ऐंशी मीटरांनी खाली. नदी जवळ दिसते, पण ती पायाशी आहे. अशा वेळी एकच उपाय उरतो. नदीच्या वरच्या अंगाला पुष्कळ दूर जावयाचे, जिथे तिचे पात्र शहराच्या पातळीजवळ येते तिथून पाणी घ्यावयाचे, आणि नदी जितक्या वेगाने उतरते त्याहून पुष्कळ कमी उतार देऊन कालवा वळणावळणाने आणावयाचा. मध्ये जमिनीचा उंचवटा आला की तिथे खोदत जावयाचे. दोन चार हात नव्हे, दरीसारखे खोल.

पूर्णय्याने तसे खोदले. कालवा खुद्द शहराच्या मध्यापर्यंत आला. परंतु कावेरी त्यातून आली नाही. काम सोडून द्यावे लागले. १८१२ साली पूर्णय्या मरण पावला. मागे उरला तो शहराच्या पोटातला एक प्रचंड कोरडा चर.

इथे मला भाषेची एक गंमत आढळली. कानडीत कालव्याला ‘नाले’ म्हणतात आणि ‘कालुवे’ असेही म्हणतात. हे ‘कालुवे’ म्हणजे आपल्या ‘कालव्या’चे सख्खे भावंडच. पण ‘नाले’ ह्या शब्दाशी मिळताजुळता आपल्याकडे ‘नाला’ आहे, आणि त्याचा अर्थ शहरातले सांडपाणी वाहून नेणारा ओढा. पूर्णय्याची ‘नाले’ पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत आपल्या मराठी अर्थाने ‘नाला’ होऊन बसली. नदी आली नाही, तेव्हा त्या चरात गावाची घाण आली. कावेरीचे स्वप्न पाहणाऱ्या दिवाणाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते एका दुर्गंधीला जोडून. अखेर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या मध्यभागातला हा चर भरून काढण्यात आला आणि त्याच्या जागी जो ऐसपैस राजमार्ग झाला, तोच सय्याजीराव रस्ता.

श्रोतेहो, ही हकीकत ऐकत असताना मी काहीसा अस्वस्थ झालो. त्याचे कारण म्हैसूरचे नव्हते, माझ्या कचेरीतले होते. काही वर्षांपूर्वी एका अवर्षणग्रस्त तालुक्यातल्या अर्धवट कालव्याची फाइल माझ्यापुढे आली होती. खर्च पुष्कळ झालेला, धरणाचे पाणी पोहोचण्याची आशा नाही. मी टेबलाशी बसून नकाशा पाहिला, आकडे पाहिले आणि शेरा मारला: “योजना निष्फळ. पुढील खर्च करू नये.” शेरा नियमाला धरून होता. पण ती जागा मी पाहिलेली नव्हती. देवराज मार्केटच्या ओट्यावर बसून मनात आले की, दोनशे वर्षांपूर्वी पूर्णय्याच्या कालव्यावरही कुणीतरी असाच शेरा मारला असेल.

दुसऱ्या दिवशी मी श्रीरंगपट्टणला गेलो. पाणी न आलेला कालवा पाहिल्यावर पाणी आलेला कालवा पाहावा, अशी मेष्ट्रुंची आज्ञा होती. बस किल्ल्यापाशी सोडून मी पायी निघालो. बेट लांबीला सुमारे पाच किलोमीटर. धिमेपणाने चालणाऱ्यास एक दिवस पुरतो. रंगनाथस्वामींचे मंदिर, १७८४ सालचा दर्यादौलत बाग, टिपूचे दफनस्थान असलेला गुंबज ही स्थळे सारेच पाहतात. पूर्णय्याने १८०४ साली बांधलेला दगडी खांबांचा पूलही इथेच आहे. तो पाहिला म्हणजे हा मनुष्य बांधकामात कच्चा नव्हता ह्याची खात्री पटते. मी मात्र शोधत होतो बंगारदोड्डी कालवा. कंठीरव नरसराज वोडेयर ह्यांनी, म्हणजे १६३८ ते १६५९ ह्या काळात राज्य करणाऱ्या राजाने, कावेरीला बांध घालून हा कालवा काढला आणि नदीच्याच एका फाट्यावरून दगडी पुलाने तो बेटात आणला. खाली नदी वाहते आहे आणि तिच्या डोक्यावरून तिचेच पाणी निराळ्या वाटेने जात आहे, हे दृश्य विलक्षण आहे. ज्या वर्षी हा राजा गादीवर आला त्याच सुमारास विजापूरचा रणदुल्लाखान शहाजीराजांना बरोबर घेऊन कर्नाटकात उतरला होता. खानाने श्रीरंगपट्टणवर चाल केली आणि ह्या राजाने ती परतवून लावली. ते युद्ध पोथ्यांत राहिले. कालवा बेटावर राहिला.

युद्धांनीही इथल्या पाटांना पुष्कळ राबविले. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री सुलतानपेठेच्या राईवर चालून गेलेला आर्थर वेलस्ली हा इंग्रज कर्नल अंधारात त्या राईतल्या पाण्याच्या पाटांत अडखळून वाट चुकला आणि माणसे गमावून परत फिरला. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याने ती राई घेतली. हाच वेलस्ली पुढे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांशी लढला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी. नेपोलियनला हरविणाऱ्यास एका रात्री शेतकऱ्यांच्या पाटांनी हरविले, ही गोष्ट मला बोधप्रद वाटते. आपले हरिपंत फडके हेही १७९२ साली कॉर्नवॉलिसबरोबर ह्याच बेटाला वेढा घालून बसले होते. टिपूचे अर्धे राज्य आणि तीन कोटी तीस लक्ष रुपये असा त्या तहाचा ठराव झाला.

परंतु पाण्यापायी जी तंटेबखेड्याची वेळ आली, ती त्याहून जुनी आहे आणि तिच्यातही मराठे आहेत. चिक्कदेवराज वोडेयर ह्या पराक्रमी राजाने सतराव्या शतकाच्या अखेरीस कावेरीवर मोठा बांध घातला. खाली तंजावर आणि तिरुचिरापल्लीकडे पाणी पोहोचेनासे झाले. तंजावरी तेव्हा व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजी राज्य करीत होते, आणि मदुरेचा कारभार राणी मंगम्माळ पाहत होती. एरवी एकमेकांशी भांडणारी ही दोन राज्ये एकत्र येऊन बांध फोडावयास निघण्याच्या बेतात होती. तोच अतिवृष्टी झाली आणि बांध आपोआप फुटला. त्या काळच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रव्यवहारात ही हकीकत आली आहे. मेष्ट्रुंना ती तोंडपाठ होती, कारण त्यांच्या घराण्याचे मूळ गाव त्या खालच्या अंगाचे आणि आजचे घर वरच्या अंगाचे. “आमच्याच घरात दोन्ही पक्ष आहेत,” असे ते म्हणाले. १८९२ आणि १९२४ साली म्हैसूर व मद्रास ह्यांच्यात करार झाले. पुढे न्यायाधिकरण झाले. पण प्रश्नाचे मूळ तेच. एकाचा कालवा तो दुसऱ्याचा कोरडा हंगाम असू शकतो.

तिसऱ्या दिवशी कृष्णराजसागर. १९११ मध्ये ह्या धरणाचे काम सुरू झाले आणि १९३१ च्या सुमारास ते पुरे झाले. त्याचे अध्वर्यू मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वाढले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेली स्वयंचलित दारे १९०३ ची. तिथला अनुभव घेऊन हा पुरुष १९०९ साली आपल्या मायभूमीत मुख्य अभियंता म्हणून परतला आणि १९१२ मध्ये दिवाण झाला. धरणाच्या प्रवेशद्वाराजवळ एक फारसी शिलालेख लावलेला आहे. तो टिपूच्या काळचा, १७९४ चा. त्याच परिसरात कावेरीवर धरण बांधण्याचा संकल्प त्यात कोरलेला असून, विसाव्या शतकात खोदकाम चालू असताना तो दगड सापडला. टिपूने संकल्प केला. पूर्णय्याने कालवा खोदला. विश्वेश्वरय्यांनी धरण उभारले. तिघांच्या राजवटी निराळ्या, साधने निराळी. तहान मात्र एकच.

आणि म्हैसूरला कावेरी मिळाली का? मिळाली, पण कालव्याने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बेळगोळ येथे पंप बसवून नदीचे पाणी शहराकडे चढविण्यात आले. आजही ते चढवूनच आणावे लागते. पूर्णय्याचा हेतू खोटा नव्हता; त्याच्या हाताशी पाण्याला इतके वर उचलणारे यंत्र नव्हते, एवढेच.

शेवटच्या सायंकाळी मेष्ट्रुंनी मला शहराच्या पश्चिमेस कुक्करहळ्ळी केरेच्या काठी नेले. ‘केरे’ म्हणजे तलाव. तिसऱ्या कृष्णराजाने १८६४ साली तो बांधविला. म्हणजे ज्याच्यासाठी पूर्णय्याने कालवा खोदला तोच बालक आता वृद्ध होऊन तलाव बांधीत होता. काठाने झाडी आहे, पायवाट आहे, संध्याकाळी पाणपक्षी परततात. तिथल्या एका बाकावर बसल्यावर मेष्ट्रुंनी आपल्या हकीकतीचा राखून ठेवलेला भाग सांगितला. ह्या तलावात वर्षानुवर्षे जे पावसाचे पाणी येत असे, ते आणून सोडणारा चर पूर्णय्याच्याच कालव्याचा होता. कावेरी आणता आणता हरलेला तो कालवा वाटेतल्या माळरानांवरचा पाऊस गोळा करीत राहिला आणि तो तलावाला देत राहिला. शहर वाढले, चर ठिकठिकाणी बुजला, घरांखाली गेला, त्यात सांडपाणी शिरले. आता तो मोकळा करण्याच्या गोष्टी निघतात. पण ज्याला निष्फळ म्हटले गेले त्याने पिढ्यान् पिढ्या एक तलाव भरला, हे खरे.

परत आल्यावर मी ती जुनी फाइल पुन्हा मागविली. शेरा बदलण्याचा अधिकार आता मला नव्हता. माझी बदली झालेली होती. म्हणून एका रविवारी मी स्वतःच त्या गावी गेलो आणि त्या अर्धवट कालव्याच्या काठाने सहा-सात किलोमीटर चाललो. एका विहिरीपाशी म्हातारा शेतकरी मोट नाही, पण पंप चालवीत होता. मी विचारले, “बाबा, हा कालवा काही कामाचा आहे का?” तो म्हणाला, “धरणाचं पानी काय आलं न्हाई, साहेब. पर पावसाचं पानी ह्यात तुंबतं, न् माझी हीर शिमग्यापतूर टिकती. आदी दिवाळीलाच आटायची.”

मी ते माझ्या जागेवर आलेल्या अधिकाऱ्यास लिहून कळविले. त्या चराला जागोजागी लहान बांध घालावेत, त्यात पाणी मुरवावे, एवढीच सूचना केली. तिचे काय होईल ते मला सांगता यावयाचे नाही. पण तेव्हापासून जागा पाहिल्यावाचून ‘निष्फळ’ हा शब्द मी कोणत्याही कागदावर लिहिलेला नाही.

आपण म्हैसूरला जाल तेव्हा राजवाडा पाहालच. तो पाहून झाला की सय्याजीराव रस्त्यावर थोडे चाला. वर एका मराठी राजाचे नाव आहे आणि खाली एका दिवाणाचे श्रम आहेत. पाण्याचा आवाज ऐकू येणार नाही. पण तिथून पुढे कुक्करहळ्ळीच्या काठी गेलात, तर त्या कालव्याने एकेकाळी कुणाची तहान भागविली ते दिसेल.